मायला झालं, मग मलाही होणार का?

रेणापूरकडचे एक भाऊ लातूरला माझ्याकडे आले ते मोबाइलवरची जाहिरात दाखवतच. थुंकी तपासून डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू जाण्याच्या आजाराचं, जनुक सांगणारी चाचणी. "पैसे बाजूला काढून ठेवलेत मॅडम. एकदाचं कळू द्या. मायला झालंय, मग मला बी होणार का? अन् माझ्या दोन पोरींचं काय?" ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. प्रश्न मात्र त्यांचाच आहे, आणि तो मला सारखा कुणी ना कुणी विचारतंच.

त्यांची माय 72 वर्षांची. दोन वर्षांपासून विसरायला लागली. आधी चुलीवरचं दूध, मग शेजारणीचं नाव, आता तर धाकट्या नातीलाच आपली बहीण समजते. बी-12, थायरॉइड तपासून, एमआरआय काढून मेंदूच्या डॉक्टरांनी अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराचं, निदान केलं होतं. रात्री दोन-अडीचला ती उठते, घागर शोधते, दाराची कडी काढते. "टँकर आलाय, नंबर लावा." 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. या आजारात अलीकडचं आधी पुसतं आणि जुनं टिकून राहतं. तिच्यात तो उन्हाळा टिकून आहे.

गावात म्हणतात, म्हातारीला चळ लागला. एका सोयऱ्यानं तर थोरलीच्या स्थळाचा विषय निघाल्यावर विचारलं, "तुमच्या रक्तातच येड हाय का?" भाऊ जाहिरातीपर्यंत पोचले ते त्या वाक्यामुळे, असं मला वाटतं.

मायला कितव्या वर्षी सुरू झालं, हे मी मुद्दाम पुन्हा विचारलं. सत्तरीत. यातच अर्धं उत्तर आहे. एकच जनुक बिघडलं की आजार जवळपास ठरलेला, अशी घराणी जगात आहेत. कोलंबियातल्या अँटिओकिया भागातल्या अशा एका मोठ्या गोतावळ्याचा शास्त्रज्ञ कित्येक वर्षं अभ्यास करताहेत. तिथं विसरणं पंचेचाळिशीच्या आसपासच सुरू होतं. पण अल्झायमरच्या शंभर रुग्णांत असा जेमतेम एखादा. आणि त्याच गोतावळ्यातल्या एका बाईबद्दल 2019 मध्ये जगाला कळलं. बिघडलेलं जनुक असूनही तिची स्मृती सत्तरीपर्यंत बरीचशी शाबूत राहिली होती. दुसऱ्या एका दुर्मीळ जनुकबदलानं तिला सांभाळलं असावं, असं संशोधकांना वाटतं. हे सांगितल्यावर भाऊ पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसले.

अशा चाचण्या बहुधा एपीओई नावाचं जनुक बघतात. त्याचा चौथा प्रकार असला तर धोका वाढतो, आई-बाप दोघांकडून आला तर आणखी वाढतो. तरी तो असलेल्या कितीतरी जणांना आजार होत नाही, आणि नसलेल्यांना होतो. मी सरळ सांगितलं, "हा कागद घरात आला तर तुम्हाला होणार की नाही ते कळणार नाही. सोयऱ्याच्या हाती मात्र पुरावा मिळेल."

मग ते खरं बोलले. दोन वर्षांपूर्वी वाटणीत दोन एकर विकली. "मायचा अंगठा मीच घेतला मॅडम. त्या धक्क्यानंच झालं."

या ठिकाणी मला संशोधनाचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचू लागतं ते विसरणं दिसण्याआधी 15-20 वर्षं. म्हणजे माय धडधाकट होती, खुरपायला जात होती, तेव्हाच आत सुरुवात झाली होती. अंगठा घेतल्याचं दुःख खरं आहे, त्यावर आम्ही पुढं दोन भेटी बोललो. पण तो आजाराचं कारण नव्हता. भाऊ बराच वेळ रडले. मी थांबवलं नाही.

दुसऱ्या भेटीत हाताशी काय आहे ते पाहिलं. 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं बदलता येण्याजोगी 14 कारणं मांडली. ती सगळी दूर झाली तर जगातले जवळजवळ 45 टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, साखर, तंबाखूचा धूर, डोक्याला मार, एकटेपणा, ऐकू न येणं आणि लहानपणी न मिळालेलं शिक्षण, ही त्यातली काही. शेवटचं ऐकून भाऊ म्हणाले, "मायला शाळेत घातलंच नाही. भावांना घातलं." मला राग येतो तो याच गोष्टीचा. जिला पाटी मिळाली नाही, तिला म्हातारपणीही त्याचीच किंमत मोजावी लागते. थोरली बीएस्सीला आहे. तिचं शिक्षण अर्ध्यावर सोडून लग्न उरकू नका, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

त्यांचं स्वतःचं विसरणं म्हणजे गाडीची किल्ली आणि फोन करायचा राहून जाणं. रोज रात्री तीन तास झोप झालेल्या कुणाचंही तेच होईल. रक्तदाब मात्र 160 वर निघाला, आणि तो त्यांनी कधीच मोजलेला नव्हता. चाचणीसाठी ठेवलेल्या पैशांतून गोळ्या सुरू झाल्या. उरलेल्यात मायच्या कानाचं मशीन आलं. त्यानं आजार बरा होणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. पण नातीचं बोलणं ऐकू यायला लागल्यावर माय दिवसा कमी चिडते.

भीती पूर्ण गेलेली नाही. गेल्या भेटीतही त्यांनी तोच प्रश्न विचारला, फक्त जाहिरात दाखवली नाही. रात्रीचा उपाय त्यांच्या बायकोनं काढला. मायच्या खाटेजवळ त्या झोपताना भरलेली घागर ठेवतात. माय उठते, चाचपडत हात आत घालते.

"भरली का?"

"भरली माय."

मग ती ओला हात लुगड्याला पुसते आणि पुन्हा आडवी होते.