संगीतवाला डेव्हलपर नको, दुकानवाला बघा

तुम्ही विचारलंय, स्वतःची गाणी विकायला वेबसाइट करून घ्यायची तर संगीताच्या साइट करणारा खास माणूस धरावा का, आणि खर्च किती येतो.

खास माणूस धराच, पण ऑनलाइन दुकानं बांधणारा. यावरून आमच्या गायकाशी माझं अजून वाजतं, म्हणून लिहायला बसलो.

आमचा बँड कोल्हापूरचा. हलगी, ढोलकी, गिटार. अल्बम झाला तसा गायकानं हट्ट धरला, "संगीत कळणाराच पाहिजे." मी नको म्हणत असताना एक गडी ठरवला. गाणी ऐकून मान डोलवायचा, सम बरोबर पकडायचा. साइट दिसायला एक नंबर, बोट लावलं की पडद्यावर हलगी थरथरायची. शाहू स्मारकला कार्यक्रम झाला, बाहेर टेबलावर क्यूआर कोड ठेवला. पोरांनी मोबाइल काढले, 'खरेदी करा' दाबलं, तर पुढं पैसे द्यायला नुसतं पेपाल, ही परदेशी पेमेंट सेवा! पेपालनं भारतातल्या भारतात पैसे देणं-घेणं 1 एप्रिल 2021 पासून बंद केलंय. म्हणजे राजारामपुरीतल्या माणसाला आमचा अल्बम घेताच येईना. एक काका शंभराची नोट टेबलावर ठेवून म्हणाले, "आता गाणं कुठनं घिऊ सांग." बाहेरच्या देशातल्या एका मित्रानं घेतला, तर त्याची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. ती कधी बंदच व्हायची नाही.

मग कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानाची साइट केलेला पोरगा गाठला. गाणी त्यानं ऐकलीच नाहीत. पहिला प्रश्न, "पैसे कटले आणि फाइल उतरली नाही, तर गिऱ्हाईक फोन कुणाला लावणार?" साइटवर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर वूकॉमर्स बसवलं, पैसे घेणारी सेवा रेझरपे, तिच्यावरनं यूपीआय जोडलं. चपलेचा नंबर निवडतात त्या खोक्यात एमपीथ्री, फ्लॅक, वेव्ह हे गाण्याच्या फाइलचे प्रकार टाकून दिले. लिंक किती वेळा आणि किती दिवस चालावी, ही सोय वूकॉमर्समध्ये असतेच, ती लावणारा पाहिजे. वेव्ह मिनिटाला साधारण 10 एमबी खाते, चाळीस मिनिटांचा अल्बम 400 एमबीवर जातो. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, घेताना हे आधी बोला. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर, यात भीडभाड नको.

खर्चाचं विचाराल तर आमचं ओळखीत भागलं, तो आकडा तुमच्या कामाचा नाही. लेखी कोटेशन घ्या आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे किती ते त्यातच लिहून घ्या.

हां, ऐकणारे जास्त करून परदेशात असतील तर वरचं सगळं सोडा, गाणी विकायची तयार साइट बँडकॅम्प पुरे. डिजिटल विक्रीवर 15 टक्के कापतात, पण ही डोकेदुखी तुमच्या मागं राहत नाही. तिथले पैसे पेपालवर येतात आणि बाहेरून येणाऱ्या पैशाला ते चालतं. आणि दुसऱ्याचं गाणं गायलं असेल तर विकण्याआधी परवाना बघा.

आगाऊ रक्कम देण्याआधी त्या डेव्हलपरनं बांधलेल्या कुठल्याही दुकानातनं एखादी स्वस्तातली वस्तू स्वतः यूपीआयनं घेऊन बघा. गायकसाहेब, वाचत असाल तर तुम्हीपण.