त्याचं कर्ज, तुझी वही

मावशी, प्रभूमध्ये सलाम. मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. वय ४१, लग्न केलं नाही. आई-वडील लवकर गेले, धाकट्या भावाला मीच वाढवलं. तो आता ३३ वर्षांचा आहे. चार वर्षांपूर्वी मोबाइलवर रमी खेळायला लागला, मग क्रिकेटवर पैसे लावायला. त्याची देणी फेडायला मी सोसायटीचं कर्ज काढलं, आईच्या पाटल्या मोडल्या. दर वेळी तो शास्त्रावर हात ठेवून शपथ घेतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. दिवाळीत वसुलीवाले दारात येणार म्हणाले, तेव्हा चर्चच्या भगिनी मंडळाच्या पैशांतून १८,००० रुपये काढून दिले. खजिनदार मीच आहे. ७,००० परत टाकलेत. कोणाला माहीत नाही. देवाकडे मात्र रोज रात्री क्षमा मागते. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पाळकसाहेब म्हणाले, खरी प्रीती स्वतःला रिकामं करते. मी तर पुरती रिकामी झाले, मग मला शांती का नाही? आता तो आणखी एका कर्जाला जामीन राहा म्हणतोय. प्रीती पापांची रास झाकून टाकते, असं लिहिलंय ना?
– वॉर्डातली आणि घरातलीही सिस्टर

सिस्टर, सलाम.

तुझं पत्र छापताना मी बरंच छाटलं. मूळ पत्रात भावाबद्दल तीन पानं होती आणि मंडळाच्या पैशांबद्दल चार ओळी. मी त्या चार ओळींपासून सुरुवात करते.

'काढून दिले' असं तू लिहिलंस. आपण त्याला चोरी म्हणू या. तुला टोचावं म्हणून हा शब्द वापरत नाही. रोगाचं नाव केसपेपरवर लिहिल्याशिवाय औषध सुरू होत नाही, हे तुला मी काय सांगावं! तू वाईट बाई नाहीस. घाबरलेली बाई होतीस, कपाटाची किल्ली तुझ्याकडे होती आणि दारात येणाऱ्या माणसांची लाज वाटत होती. पण त्या पैशांत पेन्शनवर जगणाऱ्या एखाद्या आजीचे दहा-दहा रुपये असतील. ते तिने देवाला दिले होते, तुझ्या भावाला नाही.

रोज रात्री क्षमा मागतेस आणि शांती नाही. स्तोत्र ३२ काढ. मी गप्प राहिलो तोवर माझी हाडं झिजली, असं स्तोत्रकर्ता म्हणतो. तू देवाशी बोलतेस खरी, पण मंडळासमोर अजून गप्प आहेस. देवाकडून क्षमा मिळत नाही असं मी म्हणत नाही. ती मिळालीही असेल. पण लेवीयच्या ६ व्या अध्यायात परक्याचं घेणाऱ्याला मोशेचं नियमशास्त्र सांगतं की मूळ रक्कम धन्याला परत दे, वर पाचवा हिस्सा घाल, आणि मग दोषार्पण आण. आधी धनी, मग वेदी. डोंगरावरच्या प्रवचनातही प्रभू तेच म्हणतो: अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर.

हिशेब सोपा आहे. १८,००० चा पाचवा हिस्सा ३,६००. तू ७,००० भरलेस, म्हणजे राहिले १४,६००. महिना ३,००० प्रमाणे पाच महिने. लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणणाऱ्या जकातदार जक्कयासारखं करायला जाऊ नकोस, त्यासाठी पुन्हा कर्ज काढशील, मला तुझा स्वभाव दिसतोय. येत्या रविवारी उपासनेनंतर मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना आणि पाळकीणबाईंना बाजूला घे. वही, किल्ली आणि पहिले ३,००० सोबत ने. भावाचं पुराण आधी सांगू नकोस. 'मी पैसे घेतले' हे पहिलं वाक्य, बाकी त्यांनी विचारलं तर. खजिनदारी सोड. कोणी रडेल, कोणी मिठी मारेल आणि एखादी बाई वर्षभर तुझ्याशी बोलणार नाही. तिला तो अधिकार आहे. तेही सोसायचंच आहे.

आता रास झाकण्याबद्दल. पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ते वचन मलाही प्रिय आहे, पण आपल्या मंडळ्यांत त्याचा जितका गैरवापर झालाय तितका दुसऱ्या कुठल्या वचनाचा क्वचितच झाला असेल. तू सर्जिकल वॉर्डात काम केलं असशील. पू झालेल्या जखमेवर टाके घालतात का? आधी ती उघडतात, धुतात, आणि मग झाकतात. पेत्र म्हणतो ते हे झाकणं. क्षमा केलेलं पाप चारचौघांत पुन्हा पुन्हा उगाळायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. चालू असलेलं पाप लपवायला मदत करा, असं त्यात कुठेही नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझे वडील शिक्षक होते आणि दारू प्यायचे. पगार झाला की दोन दिवस शाळेत जायचे नाहीत. आई हेडमास्तरांना चिठ्ठी लिहायची: ताप आला आहे. चौदा वर्षं माझ्या वडिलांना दर महिन्याच्या दोन तारखेला ताप यायचा. चिठ्ठी पोचवायला मी जायचे. एका महिन्यात आईने ती लिहिली नाही, का ते तिने कधीच सांगितलं नाही. वडिलांचा पगार कापला गेला, बोलणी खावी लागली, घरात आठवडाभर भांडण झालं. त्याने वडील सुधारले असं सांगितलं तर खोटं होईल, त्यांना आणखी सहा वर्षं लागली. पण आईचा ताप त्याच महिन्यात उतरला.

उधळ्या पुत्राची गोष्ट तुला पाठ असेल. पण एक गोष्ट मला पन्नाशीनंतर दिसली. लूक १५ मधला पोरगा आपला वाटा घेऊन दूर देशी जातो, सगळं उधळतो, पण बाप तिथे एकही पैसा पाठवत नाही. श्रीमंत आहे, चाकर आहेत, मनात आणता तर माणूस धाडून पोराची देणी फेडता आली असती. पोरगा डुकरं राखतो, शेंगांवर पोट भरायला बघतो, आणि वचन सांगतं की त्याला कोणी काही देत नसे. पुढच्याच वचनात तो शुद्धीवर येतो. मधल्या काळात बापाचं प्रेम कमी होतं का? पोरगा दूर असतानाच त्याने त्याला पाहिलं, म्हणजे तो वाटेवर डोळे लावूनच होता. हात आखडून वाट बघणं पैसे देण्यापेक्षा कितीतरी अवघड. पैसे दिले की निदान रात्री झोप लागते.

तू मात्र दर वेळी मनिऑर्डर करतेस, आणि पोरगा परदेशातच राहतोय.

पाळकसाहेबांचं वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. योहान १० मध्ये प्रभू आपल्या प्राणाबद्दल म्हणतो की तो कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन देतो. वधस्तंभाचं त्यागी प्रेम ते हे. तू स्वतःहून काय दिलंस? सोसायटीचं कर्ज त्याच्या रडण्याने घेतलं, पाटल्या त्याच्या शपथेने, मंडळाचे पैसे वसुलीवाल्यांच्या भीतीने. ते तुझ्याकडून काढून घेतले गेले. म्हणून रिकामी झालीस आणि शांती आली नाही. शिवाय त्यागात आपलं द्यायचं असतं, दुसऱ्याचं नव्हे. मंडळाचे १८,००० देणं हा त्याग नव्हताच.

साताच्या सत्तर वेळा क्षमा करायची ना, असं तुझ्या तिसऱ्या पानावर आहे. मत्तय १८ च काढ आणि सहा वचनं वर सरक. भावाने अपराध केला तर एकांतात सांग, ऐकलं नाही तर दोघा-एकांना सोबत ने, तरी नाही तर मंडळीला कळव. ही पायरी आधी, 'किती वेळा क्षमा करू?' हा पेत्राचा प्रश्न नंतर. तुझी पहिली पायरी चार वर्षं चालू आहे. आता दोघं-एक माणसं लागणार, मामा असो, त्याचा एखादा शहाणा मित्र असो.

भावालाही ओझं आहे, ते विसरू नकोस. जे चांगलं करावंसं वाटतं ते करत नाही, नको ते करतो, हे रोमच्या ७ व्या अध्यायात पौल स्वतःबद्दल लिहितो. तुझा भाऊ शपथ घेताना खोटं बोलत नसेल, त्या क्षणी त्याला ते खरंच वाटत असेल. पण शपथेने व्यसन सुटत नाही, आणि शपथ वाहूच नका असं प्रभूने सांगितलंय, तेव्हा ते शास्त्र त्याच्या हाताखालून काढून घे. जुगाराच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटना आजार मानते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, रमीची ॲप गुंडाळली गेली, आणि तुझा भाऊ कोणाकडून तरी 'आयडी' घेऊन बेटिंगवर गेला. कायद्याने दुकान बंद होतं, तहान राहते. मनाच्या आजारांवर फोनवरून मदत करणाऱ्या टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. त्याने फोन केला तर उत्तम, नाही केला तर तू कर, स्वतःसाठी. तुझ्याच रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असतील. वॉर्डात कळेल म्हणून टाळत असशील, तर ही पुन्हा तापाची चिठ्ठीच झाली.

वसुलीवाल्यांचं एक सांगते. तू जामीन नसलेल्या कर्जाची देणेकरी तू नाहीस. बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. धमकी आली तर रेकॉर्ड कर आणि पोलीस ठाण्यात जा. तुझ्या नावावरचं सोसायटीचं कर्ज मात्र तुलाच फेडायचंय, त्याला इलाज नाही.

भाऊ चिडेल. 'तू बदललीस' म्हणेल, कदाचित आईचं नावही काढेल. त्याला सांग, पैसे नाहीत, ताट आहे. रात्री कितीही उशिरा आला तरी भाकरी गरम करून वाढ, आणि जेवताना पैशांचा विषय काढू नकोस.

जामिनाच्या फॉर्मवर सोमवारी सही करायची आहे म्हणालीस. नीतिसूत्रे २२ मध्ये जामीन राहणाऱ्याला विचारलंय, द्यायला काही उरलं नाही तर तुझ्या अंगाखालचं अंथरूणही का जाऊ द्यावंस? करू नकोस सही. त्या दिवशी सकाळची ड्यूटी मागून घे.

– मावशी