‘गुड मनी’ म्हणजे पांढरा पैसा नव्हे

तोट्यातल्या विमान कंपनीला सरकारने पुन्हा मदत द्यावी का, यावरच्या इंग्रजी लेखात ‘थ्रोइंग गुड मनी आफ्टर बॅड’ असं म्हटलंय. यातला गुड म्हणजे पांढरा पैसा आणि बॅड म्हणजे काळा का, असा प्रश्न आहे.

नाही, काळ्या-पांढऱ्याचा इथे काही संबंध नाही. ‘बॅड’ला ‘बुडीत’ म्हणून पाहा, अर्थ लगेच उलगडेल. ‘बॅड डेट’ला आपण वाईट कर्ज म्हणत नाही, बुडीत कर्ज म्हणतो, तोच हा बॅड. ‘गुड’ म्हणजे अजून हाताशी शाबूत असलेला पैसा. ‘आफ्टर’ही इथे ‘नंतर’ या अर्थी नाही, ‘मागोमाग’ या अर्थी आहे. कुऱ्हाड गेली तर तिच्यामागे दांडाही फेकायचा, अशी इंग्रजीत एक जुनी म्हण आहे, तिच्यातही हाच ‘आफ्टर’ येतो. फरक एवढाच की दांडा फेकणारा निराशेने फेकतो, आणि आपल्या वाक्प्रचारातला माणूस ‘एवढे घातलेत, आता माघार कशी घ्यायची’ म्हणून पैसे ओतत राहतो.

विमानांचाच विषय आहे तर कॉन्कॉर्ड आठवा. आवाजाहून वेगाने उडणारं हे प्रवासी विमान मिळून बनवण्याचा करार ब्रिटन आणि फ्रान्सने १९६२ मध्ये केला. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट वाढला, धंद्याचं गणित जमणार नाही हेही दिसू लागलं, तरी काम थांबलं नाही. १९७६ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली, पण दोन्ही देशांच्या कंपन्यांकडे मिळून विमानं गेली फक्त १४. झालेल्या खर्चाकडे बघून पुढचा खर्च करत राहण्याच्या या चुकीला इंग्रजीत ‘कॉन्कॉर्ड फॅलसी’ हे नावच पडलं.

‘बॅड मनी ड्राइव्ह्ज आउट गुड’ हा ग्रेशमचा नियम मात्र वेगळा. तिथे बॅड म्हणजे खरोखरच हिणकस नाणं. ते चलनात आलं की लोक चोख नाणी दडवून ठेवतात. शब्द तेच असल्यामुळे या दोहोंची गल्लत फार होते.

वापरताना एक पाहावं. नुसत्या उधळपट्टीला हा वाक्प्रचार लागत नाही. लग्नात वारेमाप खर्च केला तर तो चालणार नाही. इंजिनाचं काम दोनदा करूनही बंद पडणारी स्कूटर तिसऱ्यांदा गॅरेजला टाकली तर चपखल बसेल. ‘खड्ड्यात पैसे घालणं’ जवळ जातं, पण आधीचे पैसे बुडालेत हे त्यात येत नाही. म्हणून मी ‘बुडालेल्या पैशामागे आणखी पैसा बुडवणं’ असं लिहीन.