गोल्डफिशची पोटं सुटलीयत, औषध घालू का?

प्रश्न: नमस्कार, आमच्याकडे दोन फुटी टँकमध्ये तीन ओरांडा (आखूड अंगाचे गोल्डफिश) आहेत. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं, जो येईल तो चिमूटभर दाणे टाकायचा, पोरांनी तर पावसुद्धा घातला. आता तिघांची पोटं सुटलीयत, एक खाल्लं की वरच तरंगत राहतो, पाणी पण गढूळ झालंय. सासूबाई म्हणतात, तोंड उघडून वर येतात म्हणजे भूक लागलीय, द्या. खरंच भुकेले असतात का? काय औषध घालू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: औषध अजिबात नको, ताई. गोल्डफिशला जठर नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, त्यामुळे दिवसभर खायला शोधत राहणं हा त्याचा स्वभावच आणि माणूस काचेजवळ आला की दाणे पडतात हे तर ते लगेच शिकतात. सासूबाईंना हे नक्की सांगा, त्या मायेनेच देतायत. मासा थंड रक्ताचा, अंग गरम ठेवायला त्याला काही जाळावं लागत नाही, म्हणून त्याला लागतं फारच थोडं, बाकीचं चरबी होऊन पोटात आणि लिव्हरमध्ये साठतं. त्यात ओरांडाचं अंग आखूड, आतडी आणि हवेची पिशवी दाटीवाटीने बसलेली, आतडी गच्च भरली की पिशवीवर दाब येतो आणि मासा वर तरंगतो. पाव तर आत जाऊन फुगतो, तो कायमचा बंद.

दोन दिवस काहीच देऊ नका, मोठ्या माशाला काही होत नाही. मग मटार उकडून, चिमटीत दाबून साल काढायची आणि आतला गर कुस्करून थोडाच द्यायचा. नंतर बुडणारे दाणे, आधी पाण्यात भिजवून, एक-दोन मिनिटांत संपतील एवढेच. दिवसाचं खाणं सकाळीच छोट्या डबीत काढून ठेवा, डबी रिकामी म्हणजे आज बंद, मग पाहुणे आले तरी प्रश्न नाही.

गढूळ पाण्याची मला जास्त काळजी वाटते. उरलेलं अन्न कुजून विषारी अमोनिया होतो, माशांच्या कल्ल्यांतूनही तोच बाहेर पडतो, आणि एवढा अचानक वाढला तर फिल्टरमधल्या, तो संपवणाऱ्या बॅक्टेरियांना झेपत नाही. आजच तळाचा कचरा ओढून पाव भाग पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरीन काढूनच घाला. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, नाहीतर हेच बॅक्टेरिया मरतात, टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा. तीन ओरांडांना दोन फुटी टँक तशी लहानच आहे, जमलं तर मोठी घ्या.

आता माशांना वरून बघा. दोन्ही बाजूंनी सारखे गोल असतील तर बहुतेक खाण्याचंच आहे. खवले उभे राहिलेले दिसले किंवा एकाच बाजूला फुगवटा असला तर ती चरबी नाही, त्या माशाला वेगळं ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.