आखातात शिफ्टची नोकरी करताना संकष्टी, श्रावण, रोजची पूजा कशी सांभाळावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याहून ओमानला, सोहारच्या रिफायनरीत शिफ्टच्या नोकरीवर निघाला आहात, घरी कुळाचार भरपूर, आणि आईला घोर लागलाय की तिकडे एकट्यानं हे सगळं कसं होणार. शिवाय तुम्ही विचारलंय की एकटेपणात श्रद्धा टिकते की नुसती सवय उरते.

मीही बडोद्याचाच, दांडिया बाजारातला. सोहारलाच प्लांट ऑपरेटर म्हणून बरीच वर्षं काढली. बायको-मुलं इथे आई-दादांजवळ होती.

निघण्याआधी एक वाटणी करून टाका: घराचं काय आणि तुमचं काय. नवरात्राचा घट, गणपती, गौरी, बोडण हे चुलीचे कुळाचार. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, तर ज्यानं त्यानं आपापले करायचे. चूल एक आहे तोवर ते एकाच ठिकाणी होतात, आणि तुमच्या घरी ते होतच आहेत. तिकडे कंपनीच्या कॅम्पातल्या खोलीत दुसरा घट बसवायचं कारण नाही. वडील आहेत तोवर श्राद्धपक्षही त्यांच्याकडेच. माझ्या आईला हे मी सांगितलं तेव्हा पटलं नाही, गुरुजींनी सांगितल्यावर लगेच पटलं. तेव्हा तुम्हीही तो मार्ग धरा. उरलं ते तुमचं: एखादं स्तोत्र, नाम, उपवास. त्यातलंही शिफ्टमध्ये निभेल तेवढंच न्या.

संकष्टीचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे सगळे गोंधळतात. उपवास सोडायचा तो तुम्ही जिथे आहात तिथल्या चंद्रोदयाला. घरून नेलेल्या कॅलेंडरात आपल्याकडच्या वेळा असतात. ओमानचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, पण सोहार बडोद्याच्या पश्चिमेला असल्यानं चंद्र तिथे तासाभरानं उशिरा उगवतो. म्हणजे बडोद्यात साडेनऊला चंद्रोदय असेल, तर तेव्हा सोहारला आठ वाजलेले असतात आणि तिथला चंद्र नऊ वाजून पाच-दहा मिनिटांनी येतो. घड्याळाच्या हिशेबानं बडोद्याच्या वेळेतून वीसेक मिनिटं वजा केली की ढोबळमानानं जमतं. नेमकी वेळ हवी असेल तर पंचांगाच्या अॅपमध्ये गाव बदलून घ्या. आई इथे जेवून भांडी घासायला घेईल तेव्हा तुमचा उपवास चालूच असेल, फोनवर तिला वाईट वाटेल, ते आधीच सांगून ठेवा. एकादशीलाही हेच: तिथी सूर्योदयाची बघायची, आणि सूर्योदय तुमच्या गावचा. क्वचित एखादी एकादशी घरच्यापेक्षा वेगळ्या दिवशी येते. रात्रपाळीवाल्यानं लक्षात ठेवावं की आपला दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, त्यामुळे मध्यरात्री कँटीनमध्ये समोर येणारं जेवण एकादशीचंच.

चंद्र दिसायची अट घालून घेऊ नका. गाव समुद्रकाठी, पूर्वेला पाणी, तेव्हा दर्शन छान व्हायला हवं. पण उन्हाळ्यात दमट धुकं नाहीतर धूळ, आणि कंट्रोल रूमला तर खिडकीच नसते. माझ्या शिफ्टला एक ओमानी ऑपरेटर होता. तो नमाजाला जायचा तेव्हा त्याचं पॅनल मी बघायचो, संकष्टीला तो मला दहा मिनिटं बाहेर सोडायचा. यावर आमच्यात कधी चर्चा झाली नाही, ठरलंही नाही.

श्रावणात दाढी न करण्याचा नेम घरात असेल तर तो विसरा. रिफायनरीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो, त्यासाठीचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो, आणि दाढीच्या खुंटांनीही त्यात फट राहते. गळ्यातली माळ, अंगठी, हातातला गंडा फिरत्या यंत्रांजवळ चालत नाही. आधीच काढून देवाजवळ ठेवा. जानव्याला कुणी हरकत घेत नाही, ते कव्हरऑलच्या आत असतं. श्रावणीला बदलायला जोड घरूनच न्या.

निर्जळी उपवास तिथे करू नका. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला सरकारचीच बंदी असते, यावरून उन्हाची कल्पना करा. साबुदाणा, मोरैयो (वरई) भारतीय दुकानांत मिळतो. रमजानात दिवसा चारचौघांत खाणंपिणं टाळायचं, तेव्हा फराळही खोलीतच.

खोलीत धूर ओळखणारा अलार्म असतो. उदबत्ती, समई, कापूर यांना कॅम्पात मनाई असते आणि ती रास्त आहे. कपाटाच्या एका कप्प्यात देव ठेवा, विजेचा छोटा दिवा लावा. खोलीतल्या सोबत्याला पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

देवळात जावंसं वाटलं तर मस्कतला मोतीश्वर महादेवाचं जुनं देऊळ आहे, राजवाड्याच्या जवळच, आणि तिथल्याच दारसैत भागात कृष्णाचं. पण सोहारपासून मस्कत दोनशेवर किलोमीटर, त्यामुळे दर आठवड्याला जमणार नाही. आम्ही गुरुवार धरला होता. ओमानात शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून गुरुवारची संध्याकाळ जनरल शिफ्टवाल्यांना मोकळी, आणि तो दत्ताचा वार. बडोदेकर घरांतून नारेश्वरच्या रंग अवधूत महाराजांची दत्तबावनी, म्हणजे दत्ताचं स्तोत्र, म्हणतातच. ती गुजरातीत असल्यामुळे भरूचचे, सुरतचे लोकही येऊन बसत. बावन्न ओळींना वेळ तो किती लागणार! नंतर तास-दीड तास गप्पा, आणि खरं सांगायचं तर बरेचसे त्या गप्पांसाठीच येत.

आता श्रद्धेचं. नुसती सवय उरली तरी चालेल, असं माझं मत आहे. रात्रपाळी संपवून खोलीवर आलेल्या माणसात भाव वगैरे काही नसतो, डोळे मिटत असतात. तेव्हा तोंडातून जे निघतं ते सवयीनंच. घरी तरी रोज कुठे भाव असतो? तिथे आजूबाजूला माणसं असल्यामुळे ते जाणवत नाही, एवढंच. पहिल्या काही महिन्यांत माणूस उलट जास्तच देवदेव करतो, घरची आठवण येते म्हणून. नंतर तो भर ओसरतो. त्या वेळी घाबरून नेम वाढवू नका.

एक सामानाबद्दल. दिवाळीचा फराळ नेताना किंवा मागवताना अनारशांना खसखस लावू नका म्हणावं. अमिरातीत आणि सौदीत ती अमली पदार्थांत धरतात, आणि सोहारला जाणारे बरेच जण दुबईला विमान बदलतात. साखरेचे अनारसे न्या, किंवा चकल्याच जास्त भरा.