सिस्को २९६० स्विचची इमेज (त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची फाइल) सर्व्हरवर पाठवताना 'नो सच फाइल' आणि नवी इमेज खाली घेताना 'टाइम्ड आउट' येतं. नेमकं काय चुकतंय?

सेटअप असा धरतो: कॅटॅलिस्ट २९६०, उबुंटूवर टीएफटीपीडी-एचपीए (टीएफटीपी, म्हणजे फाइल पाठवायची साधी पद्धत, चालवणारा सर्व्हर प्रोग्राम), सर्व्हर वेगळ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात). या दोन्ही एरर एकाच बिघाडाच्या नाहीत, म्हणून वेगवेगळ्या सोडवू. (इथे कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. या दोन्ही कॉपींत स्विचच क्लायंट (मागणी करणारा) असतो. फाइल कुठल्याही दिशेने जावो, विनंती स्विचच करतो आणि सर्व्हर नुसता बसून असतो. त्यामुळे निम्म्याहून जास्त घोळ सर्व्हरच्या बाजूला निघतात आणि माणसं मात्र स्विचवर तीच कमांड पुन्हा पुन्हा मारत बसतात.

स्विचकडून सर्व्हरकडे (बॅकअप). 'कॉपी फ्लॅश: टीएफटीपी:' दिल्यावर 'नो सच फाइल' आलं की वाटतं फ्लॅशमधली (स्विचच्या आतल्या साठवणीतली) फाइल सापडत नाहीये. बहुतेक वेळा तक्रार सर्व्हरची असते. टीएफटीपीत लॉगिन नावाची भानगडच नाही, म्हणून टीएफटीपीडी-एचपीए स्वतःहून नवी फाइल बनवू देत नाही. त्या नावाची फाइल आधीपासून हवी आणि ती सगळ्यांना लिहिता येण्याजोगी हवी. उपाय दोन. एक म्हणजे सर्व्हरवर 'टच' करून त्याच नावाची रिकामी फाइल बनवा आणि 'सीएचमॉड ६६६' (सगळ्यांना वाचा-लिहायची परवानगी) द्या. दुसरा, '/इटीसी/डिफॉल्ट/टीएफटीपीडी-एचपीए' मध्ये ऑप्शनला '--क्रिएट' जोडा, फोल्डरची मालकी 'टीएफटीपी' युजरला द्या आणि सर्व्हिस रिस्टार्ट करा. एकदाच बॅकअप घ्यायचा असेल तर पहिला उपाय बरा, सर्व्हर कायमचा उघडा राहत नाही.

अजून एक खोडी: त्याच डिफॉल्ट सेटिंगच्या फाइलमध्ये '--सिक्युअर' असेल तर '/एसआरव्ही/टीएफटीपी' हेच सर्व्हरच्या दृष्टीने मूळ फोल्डर होतं. स्विचवर पूर्ण पाथ दिलात तर तो पाथ त्या फोल्डरच्या आत शोधला जातो आणि सापडत नाही. नुसतं फाइलचं नाव द्या.

'टाइम्ड आउट'. विनंती यूडीपी पोर्ट ६९ वर जाते, पण सर्व्हर उत्तर देतो ते दुसऱ्याच, त्या वेळी निवडलेल्या पोर्टवरून. मधल्या फायरवॉलवर फक्त ६९ उघडला असेल तर विनंती पोचते आणि उत्तर वाटेतच अडवलं जातं. तिथे टीएफटीपी इन्स्पेक्शन (विनंती बघून तिच्या उत्तराला आपोआप वाट देणारी सोय) चालू करायला सांगा. त्याआधी स्विचवर दोन गोष्टी बघा. २९६० लेयर टू स्विच म्हणून (स्वतः राउटिंग न करता) चालत असेल आणि सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये असेल, तर 'आयपी डिफॉल्ट-गेटवे' लागतोच. आणि व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी आभासी नेटवर्क) इंटरफेस एकाहून जास्त असतील तर 'आयपी टीएफटीपी सोर्स-इंटरफेस व्हीलॅन १०' असं मॅनेजमेंट व्हीलॅनला बांधून टाका, नाहीतर सर्व्हरची एसीएल (कुणाला येऊ द्यायचं याची यादी) नको तो पत्ता बघून नकार देते.

स्क्रीनवरची उद्गारचिन्हं मोजकी येऊन मग टिंबं पडायला लागली तर वाट बरोबर आहे, पॅकेट गळताहेत. सुरुवातीपासूनच टिंबं असतील तर वाटच बंद आहे.

आता प्रत्यक्ष इमेज बदलणं. 'डीआयआर फ्लॅश:' मारा आणि शेवटच्या ओळीतली मोकळी जागा बघा. २९६० ला फ्लॅश ३२ एमबी आणि बिन इमेज साधारण १० ते १२ एमबी, म्हणजे दोन इमेज सहसा मावतात. जागा कमी पडलीच तर एचटीएमएलचं (स्विचच्या वेब पानांचं) फोल्डर उडवा, चालू इमेज नको. यामागे कारण आहे: बूट व्हेरिएबलमधली (सुरू होताना वापरायची म्हणून नेमलेली) इमेज लोड झाली नाही तर बूटलोडर (स्विच सुरू करणारा छोटा प्रोग्राम) फ्लॅशमध्ये सापडेल ती पहिली चालण्याजोगी इमेज उचलतो. जुनी जागेवर असेल तर नव्या नावातली स्पेलिंगची चूकसुद्धा पोटात घातली जाते. जुनी पुसली आणि नवी अर्धवट उतरली असेल, तर समोर येतो नुसता 'स्विच:' प्रॉम्प्ट.

मग 'कॉपी टीएफटीपी: फ्लॅश:'. उतरली की लगेच 'व्हेरिफाय /एमडी५ फ्लॅश:फाइलनाव' आणि आलेला आकडा (फाइलची एमडी५ खूण) सिस्कोच्या डाउनलोड पानावरच्या आकड्याशी ताडा. टीएफटीपीत पूर्ण फाइलची पडताळणी होत नाही, म्हणून 'ओके' दिसलं यावर जाऊ नका. जुळलं की कॉन्फिगमध्ये 'बूट सिस्टम फ्लॅश:फाइलनाव', 'शो बूट' ने खात्री, 'राइट मेमरी', 'रिलोड'. टार फाइल (अनेक फाइलींचं एकत्र गाठोडं) असेल तर ती नुसती कॉपी करून उपयोग नाही, 'आर्काइव्ह डाउनलोड-एसडब्ल्यू' वापरा आणि '/लीव्ह-ओल्ड-एसडब्ल्यू' जोडा. तो न जोडल्यास यशस्वी इन्स्टॉलनंतर जुनी इमेज पुसली जाते.

वेळ किती लागेल? टीएफटीपी ५१२ बाइटचा एक ब्लॉक पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो, मग पुढचा. १२ एमबी म्हणजे २४,५७६ ब्लॉक. शाखेच्या लिंकवर जाण्यायेण्याला ४० मिलिसेकंद लागत असतील तर जवळजवळ सव्वासोळा मिनिटं नुसती वाट बघण्यात जातात, बँडविड्थ कितीही असो. ब्लॉक क्रमांक १६ बिटचा, म्हणून क्रमांक पुन्हा शून्यावर नेण्याची सोय दोन्ही टोकांना नसेल तर ३२ एमबीच्या आसपास कॉपी अडकते. २९६० ला हे आड येत नाही, पण कॅटॅलिस्ट ९००० च्या शेकडो एमबीच्या इमेजसाठी टीएफटीपीचा नाद सोडा आणि एससीपी (सुरक्षित फाइल कॉपी) धरा. स्विचवर 'आयपी एससीपी सर्व्हर एनेबल' करा, युजरला प्रिव्हिलेज १५ (सर्वोच्च अधिकार) द्या. लॅपटॉपवर ओपनएसएसएच ९.० किंवा नवं असेल तर एससीपीला मोठ्या ओ चा '-ओ' पर्याय द्यावा लागतो, कारण २०२२ पासून ते मुळात एसएफटीपी (फाइल पाठवायची वेगळी पद्धत) बोलतं आणि जुन्या स्विचला ते कळत नाही.

'स्विच:' प्रॉम्प्टवर अडकलातच तर कन्सोल केबल, 'फ्लॅश_इनिट', मग 'कॉपी एक्समोडेम: फ्लॅश:फाइलनाव' (एक्समोडेम म्हणजे कन्सोल केबलवरूनच फाइल पाठवायची जुनी पद्धत). त्याआधी 'सेट बॉड ११५२००' द्या आणि टर्मिनलचा वेगही तितकाच करा. ९६०० वर १२ एमबीला साडेतीन तासांहून जास्त लागतात, आणि तेवढा वेळ स्विच व लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर हवेत.