फर्मचे नाव कळले, टीमचे काय?

सप्रेम नमस्कार.

आपले सांगलीहून पाठवलेले पत्र मिळाले. संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या आपल्या मुलीला ‘बिग फोर’पैकी एका फर्मच्या तंत्रज्ञान सल्ला विभागात ॲनालिस्ट म्हणून नोकरी मिळाली आहे. बावीस वर्षांची मुलगी कोणाला काय सल्ला देणार, आणि काम नसले की अशा फर्म माणसांना घरी पाठवतात हे खरे का, असे आपण विचारले आहे.

सुरुवातीची काही वर्षे ती सल्ला देणारच नाही. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी या चारही फर्म मूळच्या हिशेब तपासणीतल्या. परंतु आज ग्राहक कंपनीत सॅप (खरेदी, साठा, हिशेब असे कंपनीचे व्यवहार एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) बसवून देणे, जुनी माहिती नव्या प्रणालीत हलवणे अशी कामेही त्या घेतात आणि त्यासाठी अभियंत्यांची मोठी भरती करतात. नवख्या ॲनालिस्टच्या वाट्याला येते ती ग्राहकाच्या खरेदी विभागाने पाठवलेली एक्सेल फाइल, जिच्यात एकाच पुरवठादाराचे नाव चार तऱ्हांनी लिहिलेले असते; ते एकसारखे करायचे, चाचणीत कोणता व्यवहार कुठे अडला याची नोंद ठेवायची आणि संध्याकाळी मॅनेजरसाठी स्लाइड तयार करायच्या. तिसऱ्या स्लाइडवरची बेरीज नवव्या स्लाइडशी जुळली नाही, तर संपूर्ण काम परत येते. हे किचकट खरे, पण मोठ्या कंपनीत मालाच्या मागणीपासून बिल चुकते होईपर्यंत कागद कसा फिरतो, हे इतक्या लहान वयात दाखवणाऱ्या नोकऱ्या थोड्याच आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाइमशीटमध्ये आहे. ही फर्म प्रामुख्याने माणसांचा वेळ विकते, त्यामुळे कोणत्या ग्राहकासाठी किती तास खर्च झाले हे प्रत्येकाला ठरावीक कोडखाली भरावे लागते आणि त्यातील किती तासांचे पैसे ग्राहकाकडून वसूल होऊ शकतात, याकडे वरिष्ठांचे बारीक लक्ष असते. एक प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंतच्या काळाला ‘बेंच’ म्हणतात. काही आठवड्यांचा बेंच कोणाच्याही वाट्याला येतो. तो लांबला मात्र वार्षिक मूल्यमापनावर परिणाम होतो आणि मंदीत पहिली कुऱ्हाड तिथेच पडते. म्हणून आपली भीती निराधार नाही. मॅकिन्झी, बीसीजी यांसारख्या धोरण सल्ला देणाऱ्या फर्ममधील ‘वर चढा, नाहीतर बाहेर पडा’ हा शिरस्ता मात्र वेगळा आहे. तिथे काम भरपूर असूनही ठरावीक काळात बढती न मिळालेल्याला जावे लागते.

कामाच्या तासांविषयी सरसकट काही सांगणे कठीण आहे. ग्राहक न्यूयॉर्कचा असेल, तर त्याचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. बैठका तेव्हा सुरू होतात आणि जेवणाची वेळ उलटून जाते. ग्राहक भारतीय असेल, तर रात्री मोकळ्या मिळू शकतात, पण महिनोन्महिने त्याच्या कारखान्यात किंवा मुख्यालयात जाऊन बसावे लागते. नवी प्रणाली सुरू होण्याच्या आठवड्यात शनिवार-रविवार जातात, हे दोन्हीकडे सारखेच.

आपण शेअर बाजारात गुंतवणूक करता असे लिहिले आहे, म्हणून जाता जाता एक गोष्ट सांगतो. या फर्म ज्या कंपन्यांचे हिशेब तपासतात, त्यांचे शेअर बाळगण्यावर कर्मचाऱ्यांना निर्बंध असतात आणि गुंतवणुकीची माहिती फर्मला द्यावी लागते. तेव्हा मुलीच्या नावावर शेअर घेतले असतील, तर ती यादी आताच काढून ठेवा.

माझे मत विचाराल, तर तिने ही नोकरी घ्यावी, परंतु होकार कळवण्यापूर्वी तिच्याच महाविद्यालयातून त्या फर्ममध्ये गेलेल्या दोघा-तिघांशी बोलावे. नवख्यांना कोणत्या टीममध्ये टाकतात, त्या टीमचे ग्राहक कोणत्या देशातले, प्रत्यक्ष प्रणालीवर हात चालवायला मिळतो की केवळ बैठकांची टिपणे काढावी लागतात, आणि मागच्या वर्षी रुजू झालेल्यांना पहिला प्रकल्प मिळायला किती दिवस लागले, हे तिने विचारावे. नियुक्तीपत्रात नोटिशीचा कालावधी, बदलीची अट, रुजू होण्याची तारीख पुढे ढकलण्याचा फर्मचा अधिकार आणि एकूण पगारातील कामगिरीवर अवलंबून असलेला हिस्सा, ही चार कलमे आपण दोघांनी एकत्र बसून वाचा.

आपला,
करिअर मार्गदर्शक